भिंतीपलीकडचा घोडा

मागच्या थंडीत आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एक तरुण जोडपं राहायला आलं, सौरभ आणि मृणाल. दोघंही मराठी, म्हणजे देवासमध्ये जेवढं मराठी उरलंय तेवढे. ओळख करून घ्यावी म्हणून मी तळलेले गराडू, म्हणजे इकडचा थंडीतला कंद, घेऊन गेले, तर सौरभनं मला हॉलच्या मधोमध उभं केलं आणि एक रिकामी भिंत दाखवली. लोक नवी गाडी दाखवतात ना, तशी. "काकू, बघा. टीव्ही नाहीये. हमने डिसाइड किया है, पिहूसाठी. लोकांना वाटतं टीव्हीशिवाय घरात माणूस खुश राहूच शकत नाही. पर राहू शकतो." पिहू त्यांची लेक, अजून धड चालतही नव्हती. ती माझ्या गराडूंकडे बघत होती. मी म्हटलं, "राहू शकतो की बाळा. मी राहिले आहे. माझं सगळं बालपण बिनटीव्हीच्या घरात गेलं." सौरभचा चेहरा असा फुलला की जणू त्याला साक्षीदार सापडला. मी घरी आले, दार लावलं आणि इतकी हसले की आमचे हे अर्धी दाढी साबणात ठेवून बाहेर आले. "काय झालं?" म्हणाले. मी म्हटलं, "काही नाही. अण्णा आठवले."

अण्णा म्हणजे माझे वडील. धारच्या एका शाळेत गणित शिकवायचे. आमचे पूर्वज पवारांच्या दरबारात कारकुनी करायला म्हणून धारला आले. दरबार गेला, कारकुनी गेली, उरला तो ताठा. आणि तो सगळाच्या सगळा अण्णांच्या वाट्याला आला होता. त्या वर्षांत धारमध्ये घरोघर टीव्ही येत होते. गल्लीत एकेका छपरावर अँटेना उगवायचा आणि त्या घरातली पोरं दुसऱ्या दिवशी शाळेत जरा वेगळी चालायची. आमच्याकडेही आला असता. अण्णांच्या मनातून त्याला विरोध होता असं मला आजही वाटत नाही. पण शाळेच्या एका समारंभात भाषण करता करता त्यांच्या तोंडून निघून गेलं, "मेरे घर में वह डिब्बा कभी नहीं आएगा." आणि टाळ्या पडल्या. एरवी गणिताच्या मास्तराला टाळ्या कोण वाजवतं? त्या टाळ्यांनी आमचं नशीब ठरवलं. दुसऱ्या दिवसापासून अण्णा 'बिना टीवी वाले मास्साब' झाले. आमच्या घराचा पत्ताही तोच झाला. लोक आपल्या उनाड मुलांना हाताला धरून आमच्या दारात आणायचे आणि बाहेरूनच दाखवायचे, "देख, इनके यहाँ टीवी नहीं है." आम्ही भावंडं, मी आणि माझा मोठा भाऊ सुहास, खिडकीत बसून दर्शन द्यायचो. सुहास तर एक हात आशीर्वादासारखा वर करायचा, म्हणून त्याला एकदा आईचा धपाटाही बसला होता.

आता आमचं घर कसं होतं ते सांगितलं पाहिजे, कारण सगळी गंमत घराच्या बांधणीत आहे. एका ओळीत पाच-सहा घरं होती आणि दोन घरांच्या मध्ये एकच भिंत. तीही आडव्या विटेची नव्हे, उभ्या विटेची, पापडासारखी. आमच्या बैठकीच्या भिंतीपलीकडे दासाबांची खोली. दासाब म्हणजे शेजारच्या सोलंकींच्या घरातले वडीलधारे आजोबा. पांढऱ्या गलमिशा, डोक्याला केशरी साफा आणि कानांनी अधू. त्यांना टीव्ही ऐकू यावा म्हणून आवाज शेवटापर्यंत पिळलेला असायचा, आणि तो टीव्ही आमच्या भिंतीलाच पाठ टेकून उभा होता. म्हणजे आमच्या घरी टीव्ही नव्हता हे खरं. पण टीव्हीच्या पाठीमागं एक घर होतं आणि ते आमचं होतं.

दर गुरुवारी संध्याकाळी एक मालिका लागायची. त्या वेळी आमच्या बैठकीत काय चालायचं ते आजही डोळ्यांपुढं आहे. आत्याबाई, म्हणजे अण्णांच्या थोरल्या विधवा बहीण, भिंतीला पाठ टेकून फुलवाती वळायच्या. आई मेथी निवडत असायची. मेथी नसली तर तांदूळ, तांदूळ निवडलेले असले तर तेच पुन्हा. सुहास भूमिती घेऊन बसायचा आणि एकच त्रिकोण गिरवत राहायचा. आणि अण्णांची आरामखुर्ची एरवी खिडकीजवळ असली तरी त्या दिवशी सरकत सरकत भिंतीशी यायची. "इथं गारवा आहे," असं ते कुणी न विचारता सांगायचे. मग पेपर उघडायचे आणि मालिका संपेपर्यंत पान उलटायचे नाहीत. कुणी काही ऐकत नसे. ऐकतो असं कुणी म्हणतही नसे. 'मालिका' हा शब्द आमच्या घरात उच्चारला जात नव्हता. आम्ही त्यांना 'पलीकडची मंडळी' म्हणायचो, आणि रात्री आमटी-भात कालवता कालवता त्यांची चिंता करायचो.

"त्या मुन्शीजींच्या जिभेवर मध आहे, पण माणूस बरा नव्हे," आई म्हणायची.

"माणूस सालस आहे," आत्याबाई म्हणायच्या. "मला दिसतो ना तो. गोरटेला, कपाळाला उभं गंध. लबाड आहे तो डॉक्टर. खेकसतो केवढा."

"तुम्हाला कुठं दिसला?" सुहास विचारायचा.

"कानानं दिसतो मेल्या, तुला काय कळतंय."

मग अण्णा घसा साफ करायचे. "आपल्याला काही देणंघेणं नाही म्हणा. पण कानावर पडतं त्यावरून सांगतो, डॉक्टर सरळ आहे." एवढं झालं की वाद रंगायचा. प्रत्येकाच्या डोक्यात प्रत्येक पात्राचा चेहरा निराळा. माझ्या मनातली त्या घरातली बडी माँ हुबेहूब आमच्या हेडमास्तरीणबाईंसारखी होती, त्यामुळं ती रडली की मला फार बरं वाटायचं. आणि एक आवाज होता, ज्याच्यावरून आमच्या घरात पक्षच पडले होते. मालिका चालू असताना मधूनच यायचा: टक्, टक्-टक्, टक्. जरा थांबायचा, पुन्हा टक्-टक्. अण्णा म्हणायचे, घोडा आहे. हवेलीच्या फरशीवर चालतोय. आईच्या मते शिवणाचं मशीन. सुहास म्हणायचा टाइपरायटर. पण अण्णांनी घोडा इतक्या ठामपणे मांडला, त्याला रंग दिला, खोगीर दिलं, एकदा दुःखाच्या प्रसंगी टक्-टक् सावकाश झालं तेव्हा "जनावराला कळतं" असं म्हणून डोळेही पुसले, की हळूहळू आम्ही सगळे घोड्याच्या बाजूचे झालो.

मालिका अशा ठिकाणी आली की त्या हवेलीतला, लहानपणी हरवलेला मोठा मुलगा परत आला. तो खरा की तोतया, यावर सगळं अडलं होतं. आत्याबाईंना तोतया म्हटलं की पेशवाईच आठवायची. त्या आठवडाभर वातींवर वाती वळत होत्या आणि म्हणत होत्या, "खराच असेल. आईला आवाज ओळखू येतो." आणि नेमक्या त्याच गुरुवारी, ऐन रंगात असताना, इंदूरहून अण्णांच्या ओळखीचे एक शिक्षणखात्यातले साहेब बिनटीव्हीचं घर बघायला आले. आईनं शेव आणि पोहे पुढं ठेवले. अण्णा आदर्श घरावर बोलायला लागले. आणि भिंतीतून बडी माँ गरजली, "तू मेरा बेटा नहीं है." साहेबांच्या हातातला चमचा खाली पडला. "मास्साब, ये?"

अण्णांनी काय करावं? ते उठले, अंगणात गेले, आणि साहेबांना ऐकू जाईल अशा आवाजात शेजारच्या सूनबाईंना म्हणाले, "भाभीजी, ज़रा आवाज़ कम रखिए. हमारे यहाँ पढ़ाई होती है." भाभी बिचाऱ्या पदर सावरत "जी मास्साब" म्हणाल्या आणि आत गेल्या. आवाज खाली आला. आत दासाबांचा आवाज वर चढला. साहेब अण्णांचा हात हातात घेऊन, "ऐसे लोग चाहिए," म्हणून निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी दासाब पिशवी घेऊन घरातून निघाले ते लेकीकडे, टोंकखुर्दला. जाताना गल्लीला ऐकवून गेले, "म्हारा घर में म्हारा कान पे पहरो? अब तो मास्साब खुद बुलायगा तो ज आऊंगा."

पुढच्या गुरुवारी आम्ही सगळे आपापल्या जागी बसलो. पलीकडे टीव्ही लागला होता, पण भाभी आता मास्साबांचा मान राखून इतक्या हळू लावत होत्या की भिंतीतून नुसती गुणगुण यायची, डबीत माशी अडकल्यासारखी. आत्याबाईंनी वाती खाली ठेवल्या, पितळी पेला घेतला, भिंतीला लावला आणि त्याला कान लावला. अण्णा बघत होते. "काय म्हणतायत?" त्यांनी शेवटी पेपरामागून विचारलं. "काही नाही," आत्याबाई म्हणाल्या. "घोडासुद्धा नाही."

आमच्या घरात त्या दिवसापासून खऱ्या अर्थानं टीव्ही नव्हता. आणि सांगते, भयंकर होतं ते. जेवताना बोलायला विषय उरला नाही. मग आम्ही एकमेकांविषयी बोलायला लागलो, आणि दोन दिवसांत कुणाचं कुणाशी पटेना. आमटीला मीठ कमी, भाताला पाणी जास्त, सुहासचे मार्क, आईचं माहेर, सगळं निघालं. मुन्शीजी आणि डॉक्टर होते तोवर आमच्या घरातले सगळे दोष तेच वाहून नेत होते. आत्याबाई तर अंथरुणात पडल्या पडल्या विचारायच्या, "कुसुम, तो खरा असेल ना गं?" मी म्हणायचे, "असेल." त्या म्हणायच्या, "तुला काय ठाऊक."

पण एवढ्यावर भागलं नव्हतं. एका सकाळी मी आईबरोबर नळावर उभी होते, तर शेजारच्या भाभी हंडा भरता भरता रडायला लागल्या. गल्लीत बायका म्हणत होत्या, सुनेनं सासऱ्याला घराबाहेर काढलं. त्यांचा नवराही धड बोलत नव्हता. "मैंने तो कुछ कहा भी नहीं दीदी," त्या म्हणाल्या. "सिर्फ़ आवाज़ कम किया." आईनं त्यांचा हंडा उचलून त्यांच्या कडेवर दिला, घरी आली, आणि अण्णांच्या पुढ्यात चहा ठेवताना अगदी हळू म्हणाली, "तुमच्या टाळ्यांपायी एक म्हातारा माणूस घर सोडून गेलाय. आणि त्या पोरीला नळावर तोंड दाखवायची चोरी झालीय. काय ते बघा." आई हळू बोलली की अण्णा घाबरायचे. त्यांनी चहा तसाच ठेवला आणि म्हणाले, "देवीच्या दर्शनाला बऱ्याच दिवसांत जाणं झालं नाही. देवासला जाऊन येतो. तिथून टोंकखुर्द काही लांब नाही."

बरोबर मला घेतलं. सुहास रुसला, पण अण्णांचा हिशेब साधा होता: घरात सगळ्यांत मोठा आवाज माझा. दासाबांना ऐकू येत नाही. जे काही बोलायचं ते कुसुम ओरडेल, अण्णा मागे उभं राहून मान हलवतील. आईनं गूळपापडीचा डबा दिला. वर मांडूच्या चिंचेची दोन मोठी वाळकी बोंडंही दिली, म्हणजे तिथल्या जाड्या बुंध्याच्या झाडांची गोरखचिंच, जी दासाबांना उन्हाळ्यात पाण्यात कालवून लागायची. बसमध्ये अण्णा माझ्याकडून संवाद पाठ करून घेत होते. "म्हणायचं, अण्णांना तुमची आठवण येते. एवढंच. टीव्हीचं नाव काढायचं नाही."

देवासला पोहोचलो तो गुरुवार होता. हा योगायोग होता असं अण्णा मरेपर्यंत म्हणत राहिले. आम्ही मामाकडे उतरलो. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, टेकरीखाली त्याचं कापडाचं दुकान आणि घरात नवा रंगीत टीव्ही. अण्णांचा तो लग्नापासूनचा छळवादी मेहुणा. संध्याकाळ झाली तशी त्यानं टीव्ही लावला आणि सुपारी फोडल्यासारखा म्हणाला, "भावजी, आज तुमच्या व्रताचं काय? बाहेर अंगणात बसता, की टाळ्या वाजवू?"

"तुझं घर आहे. तू काय लावतोस याच्याशी मला कर्तव्य नाही," अण्णा म्हणाले, आणि टीव्हीपुढंच खुर्ची ओढून बसले. आणि त्यांनी डोळे मिटले.

मी आयुष्यात पहिल्यांदा 'पलीकडची मंडळी' बघितली. काय सांगू. मुन्शीजी काळेसावळे, ढेरपोटे, केसांचा टोप बसवलेले. तो मधाचा आवाज त्या तोंडातून निघतोय यावर विश्वास बसेना. डॉक्टर इतका देखणा की मामीनं त्याच्यासाठी पोळी करपवली. बडी माँ आमच्या हेडमास्तरीणबाईंसारखी मुळीच नव्हती. उलट जरा आईसारखी होती, त्यामुळं मला तिला रडताना बघवेना. शेजारी अण्णा डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून, कीर्तन ऐकावं तसे ऐकत होते. मामा त्यांच्या चेहऱ्यापुढं हात हलवून बघत होता. डावा डोळा किंचित किलकिला होता असं मामाचं म्हणणं. मी बापाच्या बाजूची, म्हणून माझं मत मी अजून राखून ठेवलंय. मालिका संपली. अण्णांनी डोळे उघडले. चेहरा उतरलेला होता.

"कुसुम," ते माझ्या कानाशी म्हणाले, "घोडा आला नाही."

"नव्हताच अण्णा," मी म्हटलं. "हवेलीत घोडा नाहीच आहे. शिवणाचं मशीनही नाही. मी नीट बघितलं."

"मागच्या भागात विकला असेल," अण्णा म्हणाले. पण जेवताना त्यांचं लक्ष नव्हतं. मामानं डाळ-बाफले, म्हणजे उकडून भाजलेले कणकेचे गोळे, केले होते खास त्यांच्यासाठी, तूप असं की कोपरापर्यंत ओघळ यावा. अण्णांनी एका बाफल्यात आटपलं.

सकाळी टेकरीवर देवीला नमस्कार करून आम्ही टोंकखुर्दची बस धरली. दासाबांच्या लेकीचं घर गावाच्या कडेला होतं, पुढं हरभऱ्याचं शेत. आम्ही फाटकातून आत शिरलो. अंगणात कुणी नव्हतं, एक म्हैस रवंथ करत होती. मी 'आठवण येते' हे वाक्य मनात घोळवत होते. तेवढ्यात ओसरीच्या खांबामागून आवाज आला.

टक्. टक्-टक्. टक्.

अण्णा जागच्या जागी थांबले. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांचे ओठ हलले, "घोडा." आम्ही दोघं पाय न वाजवता खांबाला वळसा घालून गेलो. खांबाला टेकून दासाब बसले होते, मांडीवर सुपारीचं भांडं, हातात सरोता. सरोता म्हणजे आपला अडकित्ता. टक् करून सुपारीचं खांड तोडायचे, टक्-टक् करून बारीक करायचे, जरा थांबायचे, दूर कुठंतरी बघायचे, पुन्हा टक्. किती गुरुवार आमच्या अण्णांनी ज्याला खोगीर घातलं, पाणी पाजलं, ज्याच्या दुःखानं डोळे पुसले, तो घोडा टोंकखुर्दच्या ओसरीवर सुपारी खात बसला होता. दासाब टीव्हीला कान लावून बसायचे ना, अगदी त्याच भिंतीशी. बडी माँच्या जोडीला त्यांचा सरोता आमच्याकडे पोहोचत होता.

अण्णांनी मला कोपरखळी दिली. मी पुढं झाले आणि पोटातून ओरडले, "दासाब, अण्णा को आपकी याद आती है."

म्हैस उठून उभी राहिली. दासाबांनी माझ्याकडे बघितलं, मग अण्णांकडे. सरोता खाली ठेवला. "छोरी नी बोले," ते म्हणाले. "मास्साब बोले."

अण्णा पुढं झाले आणि शाळेतल्या आवाजात म्हणाले, "दासाब, घर चलिए."

"म्हारे सुणाय नी."

"घर चलिए," अण्णा जरा मोठ्यानं म्हणाले. "गलती मेरी थी."

"कईं थी?"

"गलती."

"कणी की?" म्हणजे कुणाची.

शेजारच्या अंगणातून दोन बायका कुंपणाशी आल्या. एक सायकलवाला थांबला. बहिऱ्या माणसापाशी गुपित बोलता येत नाही. ते गावालाच सांगावं लागतं. अण्णांनी एकदा रस्त्याकडं बघितलं. पवारांच्या दरबाराचा सगळा ताठा त्यांच्या मानेत गोळा झालेला मला दिसला. मग त्यांनी दोन्ही हात तोंडाशी धरले, आणि ज्यांना उभ्या धारमध्ये बिनटीव्हीचे मास्तर म्हणून ओळखत होते ते माझे वडील हरभऱ्याच्या शेतापलीकडं ऐकू जाईल असे ओरडले, "दासाब, हम भी सुनते हैं. दीवार से. हर गुरुवार. पूरा घर सुनता है. आपके बिना हमारा टीवी बंद पड़ा है."

कुंपणावरच्या बायका खळखळून हसल्या. सायकलवाल्यानं घंटी वाजवली. अण्णा लाल होऊन उभे होते, आणि दासाब सुपारीची खांडं भांड्यात गोळा करत राहिले. मला वाटलं, हेही ऐकू आलं नाही. मग त्यांनी बाजेवर हात मारून अण्णांना शेजारी बसवलं. आणि अगदी हळू, एखादी खाजगी गोष्ट विचारावी तसं विचारलं, "तो छोरो असली हे के नकली? तमारे कईं लगे?"

अण्णांनी त्यांच्याकडं बघितलं. "असली," ते म्हणाले.

"नकली हे," दासाब म्हणाले. "म्हूं कई रियो हूं." आणि मग सगळं बाहेर आलं. घरात त्यांच्याशी कुणी बोलत नसे. चित्र बघावं तर दुरून ऐकू येत नव्हतं. ऐकावं तर टीव्हीला कान लावावा लागायचा आणि मग चित्राकडं पाठ व्हायची. म्हणजे मालिका त्यांनीही कधी बघितली नव्हती. तेही ऐकतच होते, आमच्यासारखेच, भिंतीच्या त्या बाजूनं. फक्त आमच्याकडं वाद घालायला पाच माणसं होती आणि त्यांच्याकडं एक सरोता.

परतीच्या बसमध्ये ते दोघं शेजारी बसले. मी मागच्या सीटवर चिंचेचं बोंड मांडीवर घेऊन. देवास गेलं, इंदूर गेलं, तोतयाचा निकाल लागेना. अण्णांचा ओरडून ओरडून घसा बसला, सगळ्या बसला मुन्शीजींची कुंडली कळली आणि कंडक्टरनंही डॉक्टरच्या बाजूनं मत दिलं. एकदा खिडकीकडं तोंड करून अण्णा मराठीत पुटपुटले, "म्हाताऱ्यानं मुद्दाम ओरडायला लावलं." दासाब समोर बघत म्हणाले, "मुद्दाम तो लगायो."

धारच्या घरात पाऊल ठेवताच आईनं विचारलं, "आले?" अण्णा म्हणाले, "आले. घोडाही आणलाय." मग सगळ्यांना सरोत्याची गोष्ट कळली. सुहास हसून हसून लोळला. आत्याबाईंनी मात्र मला न्हाणीघराकडं ओढत नेलं. "मामाकडं बघितलंस ना? मुन्शीजी कसा आहे?" मी त्यांच्या वाती वळून वळून पांढऱ्या झालेल्या बोटांकडं बघितलं. "गोरा आहे," मी म्हटलं. "कपाळाला उभं गंध." त्या म्हणाल्या, "तर काय." पापपुण्याचं मला ठाऊक नाही, पण ती थाप मी आजही मारीन.

त्यानंतर गुरुवारी मालिकेआधी दासाब सरोत्यानं भिंतीवर टकटक करायचे आणि अण्णा चष्म्याच्या डबीनं उत्तर द्यायचे. संपलं की दोघं अंगणात उभे राहून भांडायचे. भाभी नळावर हसायला लागल्या. बातमी टोंकखुर्दहून धारला पोहोचायला वेळ लागला नाही. अण्णा 'दीवार वाले मास्साब' झाले आणि मुलांना आमचं घर दाखवायचं लोकांनी बंद केलं. टीव्ही मात्र अण्णांनी कधीच आणला नाही. आता लाज कुणाची नव्हती, तरी नाही. शेवटच्या भागात बडी माँनं मुलाचा चेहरा हातात धरला आणि ती म्हणाली, "तू..." आणि नेमक्या त्या क्षणी दासाबांनी काळजीनं सुपारी फोडली. टक्. पुढं नुसती शहनाई. तो खरा होता की तोतया, ते आमच्या घराला कळलंच नाही. भाभींना विचारता आलं असतं. पण विचारलं असतं तर अण्णा आणि दासाब पुढची वर्षं कशावर भांडले असते?

माझं लग्न होऊन मी देवासला निघाले तेव्हा दासाबांचे सगळे दात गेले होते. त्यांनी सरोता रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "घोड़ो लई जा."

परवा मृणालनं मला चहाला बोलावलं. मी गेले आणि दारातच थबकले. त्यांचा सोफा पहिल्या दिवशी बाल्कनीकडं होता. आता तो माझ्या आणि त्यांच्या हॉलमधल्या भिंतीला चिकटून बसला होता. सौरभ त्याच्यावर लॅपटॉप घेऊन बसला होता, मृणाल पिहूचे कपडे घडी करत होती. मी सोफ्याकडं बघितलेलं सौरभनं बघितलं. "इथं जरा थंडक आहे काकू," तो म्हणाला.

"असते," मी म्हटलं. "त्या बाजूला असतेच."

संध्याकाळी मी टीव्हीचा आवाज वाढवला. आमचे हे म्हणाले, बहिरी झालीस का. मी कपाटातून रुमाल काढला, डब्यातली एक जुनी सुपारी घेतली आणि भिंतीशी खुर्ची ओढून मालिका संपेपर्यंत बारीक करत बसले, मधेमधे थांबत, दुःखाच्या प्रसंगी सावकाश. काल लिफ्टमध्ये मृणाल भेटली. इकडचं तिकडचं बोलली, पिहूला दाढा येतायत म्हणाली, आणि आमचा मजला आला तरी बाहेर पडेना.

"काकू, एक पूछू? आम्ही बघत नाही हां, पण कधी कधी आवाज येतो ना. ते टक्-टक् काय आहे? सौरभ म्हणतो घोडा आहे. मला वाटतं सिलाई मशीन."

मी लिफ्टचं दार धरून ठेवलं.

"ऐकत राहा गं," मी म्हटलं. "पुढं कळेल."